नाद खुळा नगररचना! कोल्हापूरच्या २० भन्नाट गोष्टी

जुलै लागला की कोल्हापुरात एकच प्रश्न घुमतो : "पाणी किती फुटांवर हाय?" चहाच्या गाड्यावर, रिक्षात, बँकेच्या रांगेत, मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांच्या फोनवरही तोच. ज्या शहरात शाळकरी पोरंसुद्धा नदीची पातळी फूट-इंचांत सांगतात, तिथल्या लोकांना शाश्वत नगररचना वेगळी शिकवायला नको. पाण्याला जागा कुठं द्यायची, वस्ती कुठं करायची, कमी खर्चात जास्त काळ टिकणारं काम कसं उभं करायचं, हे शहाणपण इथल्या बंधाऱ्यांत, तळ्यांत आणि पेठांत कधीचं मुरलंय. त्यातलं काही आपण जपलं, काही बुजवलं. दोन्हींचा हिशेब मांडणाऱ्या या २० गोष्टी.

१. अख्ख्या शहराला पाठ असलेले दोन आकडे

३९ आणि ४३. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. मोजमाप होतं कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर. या आकड्यांवरून व्यापारी तळमजल्यावरचा माल हलवतात, नदीकाठची कुटुंबं जनावरं बाहेर काढतात आणि पाहुणे एसटीचं तिकीट रद्द करतात. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५५ फूट ७ इंचांवर गेली. असं पुन्हा होणार नाही, असं अनेकांना वाटलं. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी ५६ फूट ३ इंचांवर पोचलं.

२. शहरात ऊन, नदीला पूर

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. संगम शहराला लागूनच, प्रयाग चिखलीला. या नद्या येतात सह्याद्रीच्या कुशीतून, आणि तिकडं गगनबावड्याला कोल्हापूर शहराच्या कितीतरी पट पाऊस कोसळतो. म्हणून शहरात लख्ख ऊन पडलेलं असतानाही गायकवाड वाड्याच्या बाजूनं पाणी वर चढताना दिसतं. शहराचा आराखडा शहराच्या नकाशापुरता पाहून भागत नाही, तो घाटमाथ्यापासून पाहावा लागतो, याचा हा दरवर्षीचा धडा.

३. पुराला वाट करून देणारं देऊळ

पंचगंगा कृष्णेला मिळते नृसिंहवाडीला. तिथल्या दत्तमंदिरात मूर्ती नाही, पादुका आहेत. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढत चढत मंदिरात येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडतं. हाच दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला भाविकांची झुंबड उडते. पाणी आणखी वाढलं तर उत्सवमूर्ती उंचावर हलवली जाते, पाणी ओसरलं की पूजाअर्चा पूर्ववत. नदीशी झुंजायचं नाही, तिला आत येऊ द्यायचं आणि बाहेर जायला दार ठेवायचं, ही वास्तुरचना कित्येक पिढ्यांनी रोजच्या भक्तीत सामावून घेतली आहे.

४. दोन हजार वर्षांपूर्वीची जागेची निवड

पंचगंगेच्या काठाला ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं आणि सातवाहनकाळातली विटांच्या घरांची वस्ती उजेडात आली. याच टेकडीवर सापडलेली पोसायडन या सागरदेवाची ब्राँझची मूर्ती आज टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात आहे. म्हणजे इथली माणसं रोमन जगाशी व्यापार करत होती. पण नगररचनेच्या अंगानं महत्त्वाची गोष्ट वेगळीच : पाण्याची सोय हवी म्हणून ती नदीजवळ राहिली, पण घरं बांधली उंचवट्यावर. आजच्या प्रत्येक नव्या वसाहतीनं हे पाहून यावं.

५. मैदानाखाली तळं, मंडईखाली तळं

जुनं कोल्हापूर तळ्यांचं गाव होतं. गांधी मैदान आहे तिथं वरुणतीर्थ होतं. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वर तळं होतं. कपिलतीर्थ मार्केटमध्ये भाजी घेताना आपण कपिलतीर्थावर उभे असतो आणि पेटाळा मैदानावर खेळणारी पोरं पेटाळा तळ्यावर. पद्माळा, सिद्धाळा, मस्कुती तलाव, ससुरबाग, कुंभार तळं यांची आता बहुतेक नावंच उरली. अंबाबाई मंदिराच्या आवारातलं मणिकर्णिका कुंडसुद्धा बुजवलं गेलं होतं, अलीकडच्या काळात ते पुन्हा उकरण्यात आलं.

ही तळी म्हणजे नुसती शोभा नव्हती. चढावरून धावणारं पावसाचं पाणी ती थोपवत, हळूहळू जमिनीत सोडत, आसपासच्या विहिरी जिवंत ठेवत. तळं बुजलं तरी जमिनीचा उतार बदलत नाही. मोठा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साचतं, ते याचसाठी. पाणी आपल्या जुन्या पत्त्यावर येतं. आज चीनमध्ये सरकारी खर्चानं 'स्पंज शहरं' उभी राहतायत, पाणी शोषून घेणारी. कोल्हापूरकडं अशी व्यवस्था आयती होती.

६. खाणीचं झालं तळं

रंकाळा मुळात दगडाची खाण होती आणि भूकंपानं तिथं पाणी भरलं, अशी परंपरागत कथा आहे. नाव पडलं रंकभैरवावरून. पाणी खाली गेलं की तळ्यातला संध्यामठ पूर्ण दिसायला लागतो. काठावरच्या नंदीबद्दलही एक लोककथा आहे : तो रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी तो तळ्यापर्यंत पोचेल त्या दिवशी प्रलय होईल.

आज रंकाळा शहराची मोठी मोकळी जागा आहे. पहाटे फिरणारे, संध्याकाळी भेळ खाणारे, पक्षी टिपणारे, नुसतेच बसणारे, सगळ्यांची. इथं तिकीट नाही. गरीब-श्रीमंत एकाच कठड्यावर बसतात. चांगल्या सार्वजनिक जागेची याहून सोपी कसोटी नाही. पण याच तळ्यानं सांडपाणीही सोसलंय, हिरव्या थराची दुर्गंधीही पाहिलीय. त्याच्याकडं येणारा प्रत्येक नाला अडवणं हे रंकाळ्याच्या सुशोभीकरणाचं पहिलं काम, दिवे आणि कारंजी त्यानंतरची.

७. गुळाच्या काहिलीत बाप्पाचं विसर्जन

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची भली मोठी कढई. कोल्हापुरात तिचा आणखी एक उपयोग सापडला. पंचगंगेत मूर्ती सोडण्याऐवजी घाटावर आणि चौकाचौकांत काहिली मांडल्या गेल्या, त्यांत घरगुती गणपतींचं विसर्जन होऊ लागलं. मूर्तिदान आणि निर्माल्यदानाची चळवळ इथं घराघरांत पोचलीय. मोठ्या मंडळांच्या मूर्ती रंकाळ्याजवळच्या इराणी खणीत जातात. दगड काढून रिकामी झालेली खाण नदीचा भार उचलते. पुढाकार कार्यकर्त्यांचा, साथ महापालिकेची आणि मोठं मन लाखो भाविकांचं.

८. चुलवाणाला बाहेरचं सरपण नको

काहिलीचा विषय निघालाच आहे तर ती ज्या चुलवाणावर चढते त्याचंही पाहू. उसाचा रस काढून झाल्यावर उरलेली चिपाडं उन्हात वाळवायची आणि तीच चुलवाणात घालायची. ऊस स्वतःच्याच चिपाडावर शिजून गूळ होतो. ना लाकूड विकत घ्यायचं, ना कचरा टाकायला जागा शोधायची. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. 'टाकाऊ काहीच नाही' हा नियम शहराच्या कचरा व्यवस्थेला लावायचा असेल तर अभ्यासदौरा लांब काढायला नको, करवीर तालुक्यातलं चालू गुऱ्हाळ पुरेसं आहे.

९. पाण्याचा खजिना

मंगळवार पेठेच्या बाजूला 'पाण्याचा खजिना' नावाचा भाग आहे. कात्यायनीच्या डोंगराकडून आणि कळंब्याकडून येणारं पाणी इथं साठायचं आणि पुढं शहरात वाटलं जायचं. कळंबा तलाव एकोणिसाव्या शतकातला. शहरापेक्षा उंचावर असल्यानं तिथलं पाणी निव्वळ उतारानं खाली येई. पंप नाही, वीज नाही. आजही पाणीपुरवठ्याच्या खर्चात मोठा वाटा पंपांच्या विजेचा असतो. जुन्या लोकांनी उतार आधी पाहिला आणि नळ नंतर टाकला.

१०. महाराष्ट्रभर गेलेलं कोल्हापूरचं नाव

कोल्हापुरी चप्पल आणि तांबडा-पांढरा रस्सा सगळ्यांना माहीत. पण पाटबंधारे खात्याच्या कागदांत राज्यभर आणखी एक कोल्हापुरी गोष्ट आहे : 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा'. याचंच 'के. टी. वेअर' हे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी बसलेलं.

रचना अशी : नदीपात्रात ठरावीक अंतरावर दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा. पावसाळा सरला की खाचांत लाकडी फळ्यांच्या दोन रांगा बसवायच्या आणि मध्ये माती ठासायची. झालं धरण! पाणी अडतं, दोन्ही तीरांवरची शेती भिजते, विहिरींना पाझर मिळतो. उन्हाळा संपताना फळ्या काढून घ्यायच्या, म्हणजे पहिल्या पुराला नदी मोकळी. गाळही वाहून जातो. अलीकडं लाकडाऐवजी लोखंडी बर्गे आले, तत्त्व तेच. कित्येक बंधाऱ्यांवरून माणसं आणि गाड्याही ये-जा करतात, म्हणजे एका खर्चात बंधारा आणि पूल दोन्ही. पावसाळ्यातली 'जिल्ह्यातले इतके बंधारे पाण्याखाली' ही बातमी याच बंधाऱ्यांची. ते बुडण्यासाठीच बांधलेत, म्हणून पूर ओसरल्यावर जागेवर असतात.

११. विजेशिवाय उघडणारे सात दरवाजे

भोगावती नदीवरचं राधानगरी धरण हे राजर्षी शाहू महाराजांचं स्वप्न. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात काम हाती घेतलं गेलं. संस्थानाच्या तिजोरीला न पेलणारा हा खर्च होता, म्हणून काम थांबत थांबत चाललं आणि स्वातंत्र्यानंतरच पुरं झालं. ज्या पिढीनं पायाचा दगड पाहिला तिच्या नातवंडांनी पाणी पाहिलं.

या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव पूर्ण भरला की पाण्याचा दाब आणि प्रतिभार यांच्या तोलावर दरवाजा आपोआप उघडतो, पातळी उतरली की मिटतो. बटण दाबायला कुणी नको. एका दरवाज्यातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी सुटतं. 'राधानगरीचा दरवाजा उघडला' ही बातमी आली की कोल्हापूरकर पाणी शहरात किती तासांनी पोचेल याचा हिशेब मांडतो.

१२. शहराची पहिली टाकी जंगलात

त्या धरणाच्या वरच्या अंगाला दाजीपूर-राधानगरीचं अभयारण्य आहे. संस्थानकाळी हे शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ मध्ये ते अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. विस्तार ३५१ चौरस किलोमीटर, मुख्य मानकरी गवा. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा मानलं तेव्हा राधानगरीचं नाव त्या यादीत होतं. जंगलाच्या मातीत मुरलेला पाऊस महिनोन् महिने झिरपत राहतो आणि ओढे-नद्या वाहत्या ठेवतो. गव्याचं रान वाचवणं म्हणजे शिवाजी पेठेतल्या नळाचं पाणी वाचवणं.

१३. चहूकडं पाणी, नळ कोरडे

महापुरातला सगळ्यात मोठा टंचाईचा पदार्थ कोणता? पिण्याचं पाणी. २०१९ आणि २०२१ मध्ये नदीकाठची उपसा केंद्रं पुरात गेली. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी, सगळीकडं मोटारींवर पाणी. शहराच्या काही रस्त्यांवर होड्या आणि उरलेल्या रस्त्यांवर टँकरसाठी रांगा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळीच्या तोंडावर काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात आलं. लांबी सुमारे ५३ किलोमीटर. या पाण्यासाठी कोल्हापूरकरांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली होती. पण एकाच उगमावर शहर सोडायचं नसतं, हा पुरानं शिकवलेला नियम नव्या योजनेलाही लागू आहे. कळंबा, विहिरी आणि छपरावरचं पावसाचं पाणी हे जोडीला हवंच.

१४. माळावर तळी खोदणारं विद्यापीठ

शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी सुरू झालं ते सागरमाळावर, उघड्या मुरमाड जमिनीवर. परिसर ८५३ एकर. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या काळापासून इथं झाडं लावणं आणि ती जगवणं हा कामाचा भाग राहिला. पुढं ओढे अडवून तळी झाली, विहिरींचं पुनर्भरण झालं आणि विद्यापीठ स्वतःच्या पाण्यावर उभं राहिलं. महापुरात शहराचे नळ बंद पडले तेव्हा याच माळावरचं पाणी शहराच्या मदतीला गेलं. माळाला हे जमलं तर प्रत्येक शाळेच्या मैदानाला आणि हाऊसिंग सोसायटीच्या गच्चीलाही जमेल.

१५. गल्लीला नंबर देणारं नियोजन

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये आली होती, त्या रेल्वेच्या आधारानं गुळाचा बाजार उभा राहिला. माल जिथं उतरतो तिथंच बाजार, म्हणजे शहरभर गाड्यांची वर्दळ नको. १९१७ मध्ये त्यांनी वडिलांच्या, जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आणि नंबरांच्या गल्ल्या. तीच पद्धत राजारामपुरीत दिसते. "राजारामपुरी, आठवी गल्ली" एवढा पत्ता सांगितला की नवखा माणूससुद्धा चालत पोचतो. खाली दुकान, वर घर, हाकेच्या अंतरावर शाळा आणि दवाखाना. आज जगभरचे नगररचनाकार 'पंधरा मिनिटांत चालत सगळं' असं शहर मागतात, ते राजारामपुरीत राहणाऱ्यांनी अनुभवलंय.

१६. जमिनीत कोरलेलं स्टेडियम

१९०२ मध्ये शाहू महाराज युरोपला गेले, रोमचा भव्य आखाडा पाहिला आणि परत आल्यावर कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधायला घेतलं. १९१२ मध्ये ते तयार झालं. मधोमध आखाडा, चारी बाजूंनी चढत जाणारा उतार. कुठंही बसा, मधे खांब नाही, कुस्ती सरळ दिसते. बसण्याची सोय मातीच्या उतारातूनच केल्यानं लोखंड-सिमेंटचा डोलारा लागलाच नाही. शेजारीच १९१५ चं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री लागलेल्या आगीत नाट्यगृह जळालं, खासबागच्या व्यासपीठालाही झळ बसली आणि सारं शहर रडलं. जुन्या वास्तूंत वीज आणि अग्निसुरक्षेची वेळेवर तपासणी हाही शाश्वततेचाच भाग. टिकलेली इमारत पाडून नवी बांधण्यापेक्षा सांभाळणं केव्हाही स्वस्त.

१७. मावळत्या सूर्याचा राखीव रस्ता

अंबाबाईच्या मंदिराचं तोंड पश्चिमेला. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर वर चढत मुखापर्यंत. हा किरणोत्सव. शेकडो वर्षांपूर्वीच्या शिल्पींनी सूर्याचा कोन बिनचूक साधला होता. पण महाद्वाराबाहेरच्या वाटेवर इमारतींचे मजले, फलक आणि पाण्याच्या टाक्या चढल्या आणि किरणं अडखळू लागली. अभ्यासकांनी मोजमाप करून अडथळे दाखवून दिले. उजेडालाही शहरात वाट लागते, आणि इमारतीची उंची हा एकट्या मालकाचा प्रश्न नसतो, हे किरणोत्सवाएवढं सुंदर दुसरं कुणी सांगत नाही.

१८. पिशवीविना दूध

गंगावेशीत संध्याकाळ झाली की दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात. गवळी समोर धार काढतो, फेसाळता पेला हातात देतो. धारोष्ण दूध! शेजारी तालमीतले पैलवान, बाजूला लेकराला घेऊन आलेला बाप. या दुधाला प्लॅस्टिकची पिशवी नाही, शीतगृह नाही, टँकर नाही. शहराच्या पोटात गवळी, जनावरं आणि गिऱ्हाईक एकमेकांना धरून राहिले म्हणून हे टिकलं. नव्या आराखड्यांत गोठ्यांना आणि वैरणीच्या बाजाराला जागा ठेवली तरच पुढच्या पिढीच्या ओठांवर हा फेस दिसेल.

१९. नाला नव्हे, जयंती नदी

कात्यायनीच्या परिसरात उगम पावून शहराच्या मध्यातून पंचगंगेला जाणारा प्रवाह आज 'जयंती नाला' म्हणून ओळखला जातो. मुळात ती नदी. शहरानं तिच्यात सांडपाणी सोडलं आणि मग तिला नाक मुरडलं. आता कसबा बावड्याला रोज ७ कोटी ६० लाख लिटर आणि दुधाळीला १ कोटी ७० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची क्षमता आहे. पण केंद्र कितीही मोठं असलं तरी प्रत्येक घराचं सांडपाणी त्याच्यापर्यंत पोचलं तरच उपयोग. जोडायच्या राहिलेल्या गल्ल्या जोडणं हे काम डोळ्यांत भरत नाही, त्याचं उद्‌घाटनही होत नाही. तरी पंचगंगेसाठी याहून मोठं काम दुसरं नाही, कारण आपण सोडलेलं पाणी खालच्या गावांत, इचलकरंजीच्या आणि शिरोळच्या बाजूला, माणसं पितात.

२०. निळी रेषा, लाल रेषा आणि ४२ गावं

फ्लॅट घेताना कार्पेट एरिया विचारतो, पार्किंग विचारतो. कोल्हापुरात त्याआधी एक प्रश्न विचारा : पूररेषा कुठून जाते? निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा पट्टा निषिद्ध, निळी ते लाल हा नियंत्रित. रेषा कागदावर आखली म्हणून नदी थांबत नाही, पण बांधकाम थांबवता येतं.

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार होती आणि क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर. नगरपालिका १८५४ ची, महापालिका १९७२ ची, पण हद्द वाढली नाही. वाढ झाली ती भोवतालच्या गावांत. म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं. हद्दवाढीवर मतं वेगवेगळी असतील, ती असावीतच. ओढा मात्र ग्रामपंचायत आणि महापालिका असा भेद करत नाही. वरच्या गावात ओढा बुजवला की खालच्या पेठेत पाणी शिरतं.

माघार घेणं जमतं, याचंही उदाहरण इथंच आहे. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखलीच्या लोकांना सोनतळीला उंचावर जागा मिळाल्या आणि आज पूर आला की गाव तिकडं सरकतं. नेदरलँड्सनं 'नदीला जागा' नावाच्या कार्यक्रमात तीसहून अधिक ठिकाणी नदीला पसरायला जागा करून दिली, काही ठिकाणी तर बांध मागं घेऊन. ज्याचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे त्या देशाला जे सुचलं, ते पाच नद्यांच्या संगमावरच्या शहराला सहज पटावं.

आता आपली पाळी

विसांतल्या बहुतेक गोष्टी एकच सांगतात : पाण्याला त्याची जागा ठेवा, बाकीचं शहर आपोआप नीट राहतं. यासाठी मोठ्या निधीची वाट पाहायला नको. आपल्या पेठेतलं बुजलेलं तळं कुठं होतं ते आजी-आजोबांना विचारून पोरांना दाखवा. सोसायटीच्या छपराचं पाणी बोअरमध्ये सोडा. सगळ्या अंगणात फरशी घालू नका, थोडी माती उघडी ठेवा. घर घेण्याआधी पूररेषेचा नकाशा पाहा, आणि ओढ्यावर भराव पडताना दिसला तर वॉर्ड ऑफिसला त्याच दिवशी अर्ज द्या. आराखड्यावर हरकती मागवल्या की त्या लिहून पाठवा. राजाराम बंधाऱ्यावरचे फूट मोजणारं हे शहर आहे. उन्हाळ्यातही तेवढ्याच आस्थेनं नदी, तळी आणि ओढे मोजूया. कोल्हापूरकरानं एकदा मनावर घेतलं की काम तडीस जातं, हे आजवर अनेकदा सिद्ध झालंय.